जर्मन नंबरची गाडी सीमेपलीकडे विकताना

जर्मनीतल्या मराठी घरांवर गाडी विकायची वेळ बहुधा घाईतच येते. प्रोजेक्ट संपतो, पुण्याला परतायचं ठरतं किंवा झुरिचला नोकरी लागते, आणि हातात तीन-चार आठवडे उरतात. जाहिरात टाकली की पोलंड, रुमानिया, लिथुआनियाच्या गिऱ्हाइकांचे फोन येतात. रोख देतो म्हणतात, शनिवारी न्यायला येतो म्हणतात. यांतली बरीच माणसं सरळ व्यवहार करणारी असतात. तरीही पुढे मनस्ताप होतो, कारण गाडी सीमेपार गेली तरी कागदोपत्री ती आपल्याच नावावर राहिलेली असते.

गाडीशी आपले तीन धागे जोडलेले असतात: मालकी, नोंदणी आणि विमा-कर. पैसे घेऊन किल्ली दिली की मालकी जाते. नोंदणी मात्र सरकारी दप्तरात आपल्या नावावर चालूच असते, आणि तिच्या आधारावर विमा आणि वाहनकरही. गिऱ्हाईक जर्मनीतलं असेल तर ते काही दिवसांत गाडी स्वतःच्या नावावर करून घेतं आणि उरलेले धागे आपोआप सुटतात. गिऱ्हाईक परदेशी असेल तर ती गाडी पुन्हा जर्मन दप्तरात नोंदली जाणारच नसते. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात नोंदणी झाली की तिथलं कार्यालय फ्लेन्सबुर्गच्या केंद्रीय वाहन कार्यालयाला कळवतं, पण गिऱ्हाइकाने नोंदणी तीन महिन्यांनी केली तर ती खबर तीन महिन्यांनीच येणार. म्हणून तिन्ही धागे गाडी हलण्याआधी, एकाच दिवशी तोडायचे. पुढची सगळी धडपड त्यासाठी आहे.

परदेशी गिऱ्हाईक नेमकं काय शोधतं

हे कळलं तर किंमत नीट लावता येते. जुन्या डिझेल गाड्यांना जर्मन शहरांत मागणी घटली आहे. स्टुटगार्टमध्ये 2019 च्या सुरुवातीपासून युरो 4 या धूर-मानकाच्या आणि त्याखालच्या डिझेल गाड्यांना बंदी आली, म्युनिकच्या मधल्या रिंगरोडच्या आत फेब्रुवारी 2023 पासून. असली गाडी शेजारच्या देशात मात्र सहज खपते.

पोलंडचं गिऱ्हाईक इंजिनाचा आकार आधी विचारतं, त्याला कारण आहे. तिथे गाडी आणल्यावर अबकारी कर भरावा लागतो. साध्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीला इंजिन 2000 घनसेंटिमीटरपर्यंत असेल तर 3.1 टक्के आणि त्यावर असेल तर 18.6 टक्के. फोक्सवागनचं दोन लिटरचं डिझेल इंजिन 1968 घनसेंटिमीटरचं, म्हणजे खालच्या दरात बसतं. मर्सिडीजचं गाजलेलं जुनं डिझेल 2143 घनसेंटिमीटरचं, ते वरच्या दरात जातं. दोन्ही गाड्यांची जर्मन बाजारातली किंमत सारखी असली तरी मर्सिडीजला पोलंडचं गिऱ्हाईक कमी भाव देणार. यात तो आपल्याला फसवत नसतो.

याच करामुळे एक विनंती हमखास येते: करारावर किंमत कमी लिहा. साफ नाही म्हणायचं. ती करचुकवेगिरी आहे आणि तिच्यावर सही आपली असते. शिवाय पुढे व्यवहारावरून वाद झाला तर हातात कमी रकमेचा कागद राहतो. पोलंडचं करखातं फार कमी वाटणारी किंमत तशीही मान्य करत नाही, बाजारभाव पाहून कर लावू शकतं.

नेदरलँड्स, डेन्मार्क, ऑस्ट्रिया, फ्रान्स या देशांचे नोंदणीकर वेगवेगळे आहेत आणि ते भरायचे गिऱ्हाइकाने. आपण फक्त एक अपवाद लक्षात ठेवायचा: गाडी सहा महिन्यांपेक्षा जुनी नसेल किंवा 6000 किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसेल, तर युरोपीय संघाच्या व्हॅट नियमांत ती नवीन धरली जाते. यातलं एक लागू पडलं तरी पुरे. मग विकणारा खासगी माणूस असला तरी गाडी जिथे जाते त्या देशात व्हॅट भरावा लागतो.

कागद

जर्मन गाडीची मुख्य कागदपत्रं दोन. 1 ऑक्टोबर 2005 पासून त्यांची अधिकृत नावं नोंदणी प्रमाणपत्र भाग 1 आणि भाग 2 अशी आहेत, पण सगळे अजून शाइन आणि ब्रीफच म्हणतात. शाइन गाडी चालवताना जवळ ठेवायचा. ब्रीफ घरात, कुलपात. ब्रीफ म्हणजे मालकीहक्काचा पुरावा असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे, धारकाला मालक ठरवलेलं नाही असं त्या कागदावरच छापलेलं असतं. व्यवहारात मात्र ब्रीफशिवाय कुणी शहाणा माणूस गाडी घेत नाही. गाडी कर्जावर असेल तर ब्रीफ बँकेकडे असतो. कर्ज फेडून तो पोस्टाने हाती येईपर्यंत बरेच दिवस जातात, म्हणून जाहिरातीआधी बँकेला पत्र जायला हवं. ब्रीफ हरवला असेल तर काम आणखी लांबतं. शपथेवर लिहून द्यावं लागतं, हरवलेल्या ब्रीफची जाहीर सूचना निघते, तिची मुदत संपल्यावर नवा मिळतो. यात आठवडे मोडतात. परतीचं तिकीट काढण्याआधी ब्रीफ जागेवर आहे ना हे पाहून घ्यावं.

तिसरा कागद म्हणजे सीओसी, गाडी युरोपीय मान्यतेनुसार बनली आहे असं निर्मात्याचं प्रमाणपत्र. नव्या गाडीसोबत तो बहुधा फाइलमध्ये येतो आणि तिथेच विसरला जातो. दुसऱ्या देशात नोंदणी करताना तो फार उपयोगी पडतो. नसेल तर कंपनीकडून विकत मागवता येतो, त्याला पैसे आणि वेळ लागतो. तो असेल तर जाहिरातीत लिहावं, परदेशी गिऱ्हाईक त्याची किंमत जाणतं.

चौथी गोष्ट म्हणजे ट्यूफ, दर दोन वर्षांनी होणारी तांत्रिक तपासणी. नव्या गाडीला पहिली तपासणी तीन वर्षांनी. ट्यूफ संपलेला असेल तर निर्यात प्लेट मिळत नाही, म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर देशाबाहेर जाऊ शकत नाही, ट्रेलरवर घालून न्यावी लागते. मुदत संपत आली असेल तर तपासणी करून घेणं फायद्याचं. अहवालात दोष निघाले तरी ते लिखित स्वरूपात हाती येतात आणि करारात जसेच्या तसे उतरवता येतात.

ब्रीफचा किंवा पासपोर्टचा स्कॅन फोनवर, ईमेलवर कुणालाही पाठवू नका. न बघता गाडी घेतो, आधी कागद पाठवा, असं म्हणणाऱ्याला बहुधा गाडी नको असते. त्या कागदांवरून तो तिसऱ्याच माणसाला तुमच्या नावाने गाडी विकतो.

नंबर प्लेट: खरा तिढा इथे आहे

शनिवार संध्याकाळ. गिऱ्हाइकाने गाडी चालवून पाहिली, रोख मोजून दिली आणि म्हणाला, "प्लेट राहू द्या, सोमवारी घरी पोचलो की पोस्टाने पाठवतो." सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. तो निघाला की रस्त्यावरच्या कॅमेऱ्याच्या दंडाची नोटीस आपल्या पत्त्यावर येते. कर आपल्या खात्यातून कापला जातो. विक्रीनंतर विमा करार जर्मन विमा कायद्याच्या कलम 95 नुसार गिऱ्हाइकाकडे जातो हे खरं, पण चालू काळातल्या हप्त्याला विकणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार असतात. अपघात झालाच तर तो विक्रीनंतर झाला हे दाखवायची पाळी आपल्यावर येते. म्हणून करारावर नुसती तारीख पुरत नाही, किल्ली दिली ती वेळ तास-मिनिटांसह लिहायची.

योग्य क्रम असा. गिऱ्हाइकाला कामाच्या दिवशी, सकाळी बोलवा. नोंदणी कार्यालयाची वेळ आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा, मोठ्या शहरांत ती लगेच मिळत नाही. पैसे हाती आले की दोघांनी मिळून कार्यालयात जायचं. आपण गाडीची नोंदणी बंद करायची, म्हणजे आबमेल्डुंग. त्यासाठी शाइन आणि दोन्ही प्लेट लागतात. कारकून प्लेटवरचा शिक्का खरवडतो, शाइनवर नोंद करतो, आणि विमा कंपनी व वाहनकर गोळा करणाऱ्या कस्टम्स खात्याला तिथूनच खबर जाते. तीन धाग्यांपैकी दोन या एका खिडकीवर तुटतात.

आबमेल्डुंग ऑनलाइनही होते. शाइनवर आणि प्लेटच्या शिक्क्यांवर लपवलेले कोड असतात, 2015 पासूनच्या नोंदणीत ही सोय आहे. पण कोड खरवडला की ती प्लेट रस्त्यावर चालत नाही, त्यामुळे तो उगाच आदल्या दिवशी उघडू नये. गाडी परदेशी जाणार असेल तर खिडकीवरचीच आबमेल्डुंग बरी. शाइनवरची नोंद पाहून परदेशी कार्यालयातला माणूस कमी प्रश्न विचारतो.

आता गाडी बिननंबरची झाली. ती घरी न्यायला गिऱ्हाइकाने निर्यात प्लेट घ्यायची. जर्मनमध्ये आउसफूरकेन्त्साइशन म्हणतात. उजव्या कडेला लाल पट्टी असते आणि तिच्यावर मुदत संपायची तारीख. ती 15 दिवसांपासून एका वर्षापर्यंत मिळते. त्यासाठी शाइन, ब्रीफ, चालू ट्यूफ, ओळखपत्र, निर्यातीसाठीचा वेगळा विमा आणि त्या काळाचा वाहनकर लागतो. बऱ्याच ठिकाणी गाडी आवारात आणून चेसिस नंबर तपासून घ्यावा लागतो. गिऱ्हाइकाचा पत्ता जर्मनीत नसेल तर त्याच्या वतीने पत्रं स्वीकारणारी जर्मनीतली व्यक्ती द्यावी लागते. ती व्यक्ती आपण व्हायचं नाही, नाहीतर तोडलेला धागा पुन्हा बांधला जातो. कार्यालयांच्या आसपास प्लेट छापणारी दुकानं असतात, त्यांतली बरीच हा विमाही विकतात आणि अशी सोयही करून देतात. हा विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो, स्वतःच्या गाडीचा नाही. सोबतच्या ग्रीन कार्डावर, म्हणजे परदेशात दाखवायच्या विम्याच्या दाखल्यावर, वाटेतल्या सगळ्या देशांची नावं आहेत का ते पाहायला गिऱ्हाइकाला सांगा.

काही जण स्वस्तात भागवायला पाच दिवसांची तात्पुरती प्लेट घेतात, पिवळ्या पट्टीची. ती जर्मनीतल्या चाचणीफेरीसाठी आणि गाडी हलवण्यासाठी असते. सीमेपलीकडे तिला मान्यता मिळेल याची खात्री नसते. दंड होऊ शकतो, पोलीस गाडी अडवूनही ठेवू शकतात. गिऱ्हाईक स्वतःच्या देशातून आणलेली प्लेट आपल्या गाडीला लावायला लागलं तर तिथेच थांबवा. जर्मन नोंदणी कार्यालयाने या गाडीसाठी न दिलेली प्लेट लावून जर्मन रस्त्यावर जायचं नसतं.

आणि कार्यालय बंद असताना गिऱ्हाईक येऊन थडकलंच तर? बयाणा घ्या, पावती द्या, गाडी सोमवारपर्यंत ठेवा. किंवा त्याला ट्रेलर आणायला सांगा. मग प्लेट आपण काढून ठेवतो आणि सोमवारी आपणच आबमेल्डुंग करतो, कारण त्या कामाला ब्रीफ लागत नाही. फक्त शाइन आपल्याकडे ठेवून घ्यायचा, नोंद झाली की तो नोंदणीकृत पोस्टाने पाठवायचा, आणि हे सगळं करारात लिहायचं.

करार आणि पैसे

एडीएसी या जर्मन मोटारचालक संघटनेचे दोन भाषांतले छापील करार मिळतात, ते वापरावेत. गिऱ्हाइकाला जर्मन येत नसेल तर नंतर "मला कळलंच नाही" म्हणायला जागा राहत नाही. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. शाइनवर ई या रकान्यातला नंबर समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून मग करारात उतरवायचा. एक अक्षर चुकलं तर परदेशात नोंदणी अडते आणि फोन आपल्याला येतो. किलोमीटर, किल्ल्यांची संख्या, जादा टायरचा संच, माहीत असलेले सगळे दोष, दोघांच्या ओळखपत्रांचे क्रमांक लिहायचे. गाडी न्यायला आलेला माणूस आणि करारातला माणूस एकच असावा. भाऊ आला असेल तर त्याच्याकडे लेखी अधिकारपत्र आणि खऱ्या गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राची प्रत हवी.

खासगी विक्रेत्याला दोषांची जबाबदारी करारात वगळता येते, पण त्यासाठी तसं स्पष्ट वाक्य लागतं, छापील नमुन्यात ते असतं. "पाहिली तशी घेतली" एवढंच लिहिलं तर वरवर पाहताना दिसणारे दोषच वगळले जातात, आतले नाही. आणि माहीत असून लपवलेल्या दोषाला कुठलंच वाक्य वाचवत नाही. "अपघातमुक्त" असं सरसकट लिहू नका. गाडी आपण दुसऱ्या मालकाकडून घेतली असेल तर "आमच्या ताब्यातल्या काळात अपघात नाही" एवढंच लिहा.

रोख घ्यायची असेल तर ती बँकेत घ्या. कॅशियरकडून मोजून, तपासून, तिथेच खात्यात भरा. ऑगस्ट 2021 पासून 10,000 युरोंपेक्षा जास्त रोख भरताना जर्मन बँक पैशांचा उगम विचारते. विक्रीचा करार हाच त्याला पुरावा, म्हणून तो सोबत न्यायचा. तत्काळ ट्रान्सफर सगळ्यात सोपी, दहा सेकंदांत रक्कम आपल्या खात्यात दिसते. युरो क्षेत्रातल्या बँकांना ऑक्टोबर 2025 पासून ती पाठवण्याची सोय द्यावीच लागते. लिथुआनिया युरो क्षेत्रात आहे. पोलंड, रुमानिया नाहीत, तिथल्या बँकांना 2027 पर्यंत मुदत आहे, त्यामुळे पोलंडच्या गिऱ्हाइकाची साधी ट्रान्सफर यायला एक-दोन कामाचे दिवस धरा. त्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या खात्यातली जमा म्हणजे पैसे. चेक घेऊ नका. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून वरचे पैसे वाहतूकदाराला द्या म्हणणं हा जुना डाव आहे. चेक आठवड्यांनी परत येतो, तोवर वरचे पैसे गेलेले असतात.

स्वित्झर्लंडला विकताना

जर्मनीतल्या कॉन्स्टान्सहून स्वित्झर्लंडमधलं क्रॉयत्सलिंगेन चालत गाठता येतं, पण मधली रेषा कस्टम्सची आहे. माल 1000 युरोंपेक्षा जास्त किमतीचा असला की जर्मन बाजूला इलेक्ट्रॉनिक निर्यात घोषणा लागते. 3000 युरोंच्या वर ती दोन टप्प्यांत होते. आधी आपल्या भागातल्या कस्टम्स कार्यालयाची मंजुरी आणि क्रमांक असलेला सोबतचा कागद, मग सीमेवरच्या कार्यालयात गाडी दाखवणं. हे काम सीमेवर उभं राहून सुरू करता येत नाही. घोषणा कोण करणार हे करारात ठरवा. निर्यातदार म्हणून सहसा जर्मनीतल्या विक्रेत्याचंच नाव लागतं, म्हणून ते गिऱ्हाइकावर टाकून मोकळं होऊ नका. दोघांनाही जमत नसेल तर सीमेवरचे एजंट शुल्क घेऊन करून देतात. मालाची खिडकी कामाच्या दिवशीच चालते, रविवारची सहल आणि गाडीची डिलिव्हरी एकत्र होत नाही.

पलीकडे गिऱ्हाईक 4 टक्के वाहनकर आणि 8.1 टक्के मूल्यवर्धित कर भरतं, मग त्याला 13.20 ए हा तपासणी फॉर्म मिळतो, तो घेऊन तिथली नोंदणी. औद्योगिक मालावरचं आयातशुल्क स्वित्झर्लंडने 1 जानेवारी 2024 पासून काढून टाकलं, त्यामुळे गाडी युरोपात बनल्याचा दाखला शुल्कासाठी आता लागत नाही. जुन्या लेखांत त्यावर पानंच्या पानं आहेत, ती सोडून द्यावीत.

स्वतःच झुरिचला राहायला जाणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. सहा महिने वापरलेली गाडी घरसामानात, 18.44 या फॉर्मवर, कर न भरता नेता येते. मात्र अशी सवलत गाडी स्वतः वापरण्यासाठी असते. तिथे पोचून लगेच विकायचा बेत असेल तर कर मागे लागतो.

भारतात नेता येईल का?

परतणारी जवळजवळ प्रत्येक मंडळी हे विचारतात. जुनी गाडी आयात करायला भारताच्या अटी अशा: उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे हवेत. जर्मनीत विकली जाणारी गाडी डाव्या स्टिअरिंगची. प्रश्न तिथेच संपतो. जहाजाचं भाडं विचारत बसण्यापेक्षा तो वेळ ब्रीफ शोधण्यात घालवावा.

गाडी गेल्यावर

त्याच दिवशी विमा कंपनीला कराराची प्रत आणि आबमेल्डुंगचा पुरावा पाठवा. खबर त्यांना कार्यालयाकडून जाते, पण उरलेल्या हप्त्याचा हिशेब लवकर होतो. नो-क्लेम वर्षांचा लेखी दाखलाही मागून घ्या, दुसऱ्या देशात विमा घेताना काही कंपन्या तो धरतात. गाडीच्या स्क्रीनवरून फोन, घरचा पत्ता, गॅरेजच्या दाराचा कोड पुसा आणि कंपनीच्या ॲपमधून गाडी काढून टाका. ॲपमध्ये राहिलेली गाडी नव्या मालकाला स्वतःच्या नावावर जोडता येत नाही.

दंडाची नोटीस तरीही आलीच तर फेकू नका. वेळ लिहिलेल्या कराराची प्रत जोडून मुदतीत उत्तर द्या, बहुधा तिथे मिटतं. जर्मनी सोडणार असाल तर ही पत्रं घेणारा विश्वासू मित्र आणि त्याच्या नावाचं अधिकारपत्र आधीच तयार ठेवा. वाहनकर आगाऊ भरलेला असतो आणि आबमेल्डुंगनंतर उरलेल्या दिवसांचा परतावा कस्टम्स खातं बँकेत जमा करतं. विम्याचा परतावाही तसाच येतो. दोन्ही रकमा जमा होईपर्यंत जर्मन बँक खातं बंद करू नका.